सामायिक डिस्कवरून दुसरा नोड रीसेट करताना: एसबीडीची तयारी, क्रम आणि चाचण्या

पेसमेकर हे सर्व्हरांचा (नोडांचा) गट, म्हणजे क्लस्टर, सांभाळणारं सॉफ्टवेअर; एसबीडी म्हणजे सामायिक डिस्कवरून संदेश पाठवून बिघडलेला नोड रीसेट करण्याची सोय. पेसमेकर क्लस्टरमध्ये एसबीडी बसवताना होणारी चूक जवळजवळ ठरलेली असते. आधी फेन्सिंग (बिघडलेल्या नोडला सक्तीने बाजूला काढणं) करणारा एजंट जोडला जातो, मग घाईघाईत डिस्क शोधली जाते, टाइमआउट डीफॉल्टच राहतात आणि वॉचडॉग (वेळेवर थाप मिळाली नाही तर मशीन रीसेट करणारा टायमर) ‘नंतर बघू’ म्हणून बाजूला पडतो. स्टेटसमध्ये सगळं ठीक दिसतं. मग पहिली खरी अडचण येते. एक नोड ‘दुसऱ्याला रीसेट केलं’ असं जाहीर करतो आणि फाइलसिस्टिम स्वतःकडे घेतो. तो दुसरा मात्र जिवंतच असतो आणि त्याच फाइलसिस्टिमवर लिहीत राहतो. पुढे उरतं ते बॅकअपमधून रिस्टोअर करणं.

खालच्या सगळ्या टप्प्यांत नोड ‘क’ धडधाकट आहे आणि नोड ‘ख’ रीसेट करायचा आहे. कमांड आणि व्हेरिएबलची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टर्मिनलवर ती रोमनमध्ये टाइप करायची, आणि व्हेरिएबलच्या नावात दोन शब्दांमध्ये अंडरस्कोर टाकायचा.

रीसेट नेमका कसा होतो

यात कुणी कुणाची वीज तोडत नाही. ‘क’ सामायिक डिस्कवर ‘ख’च्या नावाच्या स्लॉटमध्ये (राखीव कप्प्यात) ‘रीसेट’ असा संदेश लिहितो. ‘ख’वरचा एसबीडी डीमन (पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्रॅम) साधारण दर सेकंदाला आपला स्लॉट वाचतो आणि संदेश दिसताच स्वतःचंच मशीन जागच्या जागी रीबूट करतो. ‘ख’चा कर्नल गोठला असेल, तर वाचणाराच उरत नाही. अशा वेळी वॉचडॉगला वेळेवर मिळणारी थाप थांबते आणि वॉचडॉग मशीन रीसेट करतो.

या व्यवहारात ‘ख’कडून पोचपावती येत नाही. ‘क’ संदेश लिहितो, नीट लिहिला गेला का ते परत वाचून बघतो, ‘मेसेज-वेट’ नावाच्या टाइमआउटइतका थांबतो आणि मग यश कळवतो. म्हणजे यशाचा अर्थ ‘ख मेला’ असा नसून ‘एवढ्या वेळात तो मेलेला असायलाच हवा’ असा आहे. हे ‘असायलाच हवा’ खरं ठरतं ते फक्त वॉचडॉग आणि टाइमआउटच्या हिशोबामुळे. म्हणून खालचा क्रम बदलू नका.

टप्पा १: वॉचडॉग

सुरुवात इथूनच करा, डिस्क हाती असो वा नसो. प्रत्येक नोडवर एसबीडीची ‘क्वेरी-वॉचडॉग’ ही उपकमांड चालवा. मशीनवर कोणकोणती वॉचडॉग डिव्हाइस आहेत आणि त्यांच्यामागे कोणता ड्रायव्हर आहे, ते ती दाखवते. इंटेल चिपसेटवर बहुधा आयटीसीओ, एचपीई सर्व्हरवर एचपीडब्ल्यूडीटी, तर बीएमसी (सर्व्हरवरची स्वतंत्र देखरेख चिप) असलेल्या इतर सर्व्हरवर आयपीएमआय वॉचडॉग सापडतो. केव्हीएम व्हर्च्युअल मशीनला आय६३००ईएसबी हे डिव्हाइस जोडा, आणि लिबव्हर्टमध्ये त्याची कृती ‘रीसेट’ आहे याची खात्री करा. ती ‘पॉज’ किंवा ‘नन’ असेल तर सगळी मांडणी पोकळ आहे. व्हीएमवेअरमध्ये व्हीस्फिअर ७ आणि व्हर्च्युअल हार्डवेअर आवृत्ती १७ पासून वॉचडॉग डिव्हाइस जोडता येतं.

यांतलं काहीच नसेल तर सॉफ्टडॉग हा कर्नल मॉड्यूल उरतो. तो लोड करा आणि बूटच्या वेळी आपोआप लोड व्हावा म्हणून मॉड्यूल्स-लोड-डी डिरेक्टरीत त्याच्या नावाची कॉन्फ फाइल ठेवा. ही फाइल विसरली की पहिल्या रीबूटनंतर एसबीडी सुरूच होत नाही आणि त्याच्या पाठोपाठ क्लस्टरही अडून बसतं.

इशारा: सॉफ्टडॉग कर्नलच्याच टायमरवर चालतो. कर्नल पूर्ण गोठला तर तोही गोठतो. त्याहून वाईट प्रसंग व्हर्च्युअल मशीनचा. स्नॅपशॉट घेताना किंवा मायग्रेशनमध्ये ‘ख’ मिनिटभर थांबवला गेला, तर त्याच्या आतला सॉफ्टडॉगही तेवढा वेळ थांबतो. इकडे ‘क’चा मेसेज-वेट संपतो आणि तो फाइलसिस्टिम माउंट करतो. मग ‘ख’ जागा होतो आणि रीसेट होण्याआधीच्या क्षणांत अडकून राहिलेले राइट डिस्कवर सोडून देतो. रेड हॅटच्या सपोर्ट धोरणात सॉफ्टडॉग बसत नाही. अझूरवरच्या सुसे क्लस्टरमध्ये मात्र तो सर्रास वापरला जातो. आमच्या मते जिथे हार्डवेअर किंवा हायपरव्हायझरचा वॉचडॉग मिळतो, तिथे सॉफ्टडॉग वापरायला काहीच सबब नाही.

वॉचडॉग डिव्हाइस एका वेळी एकच प्रोग्रॅम उघडू शकतो. सर्व्हर कंपन्यांचे देखरेखीचे एजंट आणि सिस्टिमडीचं रनटाइम-वॉचडॉग सेटिंग ते आधीच बळकावून बसलेलं असतं. तसं असेल तर ते बंद करा. सॉफ्टडॉग आणि हार्डवेअरचा वॉचडॉग दोन्ही लोड होत असतील, तर नको असलेला ब्लॅकलिस्टमध्ये टाका, कारण शून्य क्रमांकाचं डिव्हाइस कुणाचं हे प्रत्येक बूटला सारखंच ठरेल असं नाही.

तपासणी: क्लस्टर बंद असताना एसबीडीची ‘टेस्ट-वॉचडॉग’ उपकमांड चालवा. मशीन खरोखर रीबूट व्हायला हवं. झालं नाही तर पुढचं काहीही करू नका. ही तपासणी प्रत्येक नोडवर वेगळी करायची. ‘दोन्ही मशीन एकाच मॉडेलची आहेत’ हे कारण चालणार नाही, कारण बायोसमधली सेटिंग वेगळी असू शकतात.

टप्पा २: डिस्क

एसबीडीला जागा फारच थोडी लागते. ५१२ बाइट सेक्टरच्या डिस्कवर १ एमबी, ४के सेक्टरच्या डिस्कवर ४ एमबी पुरतात. त्यात २५५ स्लॉट मावतात. स्टोरेजवाल्यांकडून इतकं छोटं लन (स्टोरेजवरून मिळणारी डिस्क) मिळत नसेल तर मिळेल ते सर्वांत लहान घ्या, पण ते फक्त एसबीडीसाठी ठेवा.

- लन सगळ्या नोडना दिसायला हवं. त्यावर सॉफ्टवेअर रेड, एलव्हीएम किंवा डीआरबीडी नको.
- नाव नेहमी ‘बाय-आयडी’ डिरेक्टरीतलं वापरा. एसडीबी, एसडीसी ही नावं रीबूटनंतर बदलतात.
- मल्टिपाथ (एकाच डिस्ककडे जाणारे अनेक मार्ग) असेल तर मल्टिपाथ डिव्हाइसचं नाव द्या, एका पाथचं नाही.
- केव्हीएममध्ये डिस्कवर ‘शेअरेबल’ हवं आणि कॅश ‘नन’ हवी. कॅश चालू असेल तर ‘क’ने लिहिलेला संदेश त्याच्याच होस्टच्या मेमरीत पडून राहतो आणि ‘ख’ला जुनाच स्लॉट दिसतो.

डिस्क एक, दोन की तीन? सगळं स्टोरेज एकाच अ‍ॅरेवर असेल तर एक पुरे. तो अ‍ॅरे गेला तर डेटाही गेलेलाच असतो. तीन वेगवेगळे स्रोत मिळत असतील, उदाहरणार्थ तीन आयस्कझी टार्गेट सर्व्हर, तर तीन घ्या. संदेश बहुमताने पोचलेला मानला जातो, त्यामुळे एक टार्गेट देखभालीसाठी बंद ठेवता येतं. दोन डिस्कांची मांडणी दोन अ‍ॅरेंवर होस्टकडून मिररिंग करणाऱ्यांसाठी आहे. इतरांनी तिच्या वाटेला जाऊ नये.

टप्पा ३: टाइमआउटचा हिशोब

डीफॉल्ट आकडे असे: वॉचडॉग ५ सेकंद, मेसेज-वेट १० सेकंद. एका डेटा सेंटरमधल्या, मल्टिपाथ नसलेल्या चपळ स्टोरेजला ते चालतात. बाकी ठिकाणी हिशोब खालून वर करायचा.

पहिला आकडा मोजून काढायचा असतो. स्टोरेजचा एक पाथ किंवा एक कंट्रोलर मुद्दाम बंद करा आणि आयओ (डिस्कवरचं वाचन-लेखन) किती सेकंद थांबतं ते बघा. वॉचडॉग टाइमआउट त्याहून जास्त हवा, नाहीतर स्टोरेजच्या प्रत्येक फेलओव्हरला धडधाकट नोड पडायचा धोका राहतो. मल्टिपाथच्या कॉन्फ फाइलमधलं कमाल पोलिंग अंतरही वॉचडॉग टाइमआउटपेक्षा कमी ठेवा.

दुसरा आकडा मेसेज-वेट. तो वॉचडॉगच्या किमान दुप्पट हवा. त्यामागचं कारण साधं आहे. ‘ख’ला संदेश वाचता आला नाही तरी वॉचडॉगला आपलं काम पुरं करायला वेळ मिळायला हवा, आणि वर थोडी सैल जागाही उरायला हवी.

तिसरा आकडा पेसमेकरचा स्टोनिथ-टाइमआउट (स्टोनिथ हे पेसमेकरमधलं फेन्सिंगचंच नाव). तो मेसेज-वेटच्या १.२ पट ठेवा. हा कमी पडला तर एसबीडी अजून थांबलेला असतानाच पेसमेकर ‘फेन्सिंग फसलं’ असं ठरवतो आणि पुन्हा सुरुवात करतो. याचा डीफॉल्ट ६० सेकंद आहे. त्यामुळे मेसेज-वेट ६० किंवा जास्त ठेवून हा आकडा न बदलणाऱ्यांचं फेन्सिंग कधीच पूर्ण होत नाही.

समजा फेलओव्हरला २२ सेकंद लागले. मग वॉचडॉग ३०, मेसेज-वेट ६०, स्टोनिथ-टाइमआउट ७२. अझूरवर आयस्कझी एसबीडीसाठी मायक्रोसॉफ्टच्या मार्गदर्शनात ६०, १२० आणि १४४ असे आकडे आहेत.

मोठे आकडे म्हणजे सुरक्षित आकडे, असं समजून ३०० सेकंद ठेवणारेही भेटतात. त्यात डेटाला धोका नाही, पण नोड पडल्यावर सेवा तेवढी मिनिटं बंद राहते, हे सेवेच्या मालकाला आधी सांगून ठेवा.

टप्पा ४: डिस्कवर हेडर लिहिणं

हे काम फक्त एका नोडवरून, सगळ्या नोडांवरचं क्लस्टर बंद असताना. एसबीडीला ‘-डी’ नंतर डिस्कचं नाव, ‘-१’ नंतर वॉचडॉग टाइमआउट, ‘-४’ नंतर मेसेज-वेट द्या आणि शेवटी ‘क्रिएट’ लिहा. डिस्का तीन असतील तर ‘-डी’ तीनदा.

इशारा: ‘क्रिएट’ काहीही न विचारता लिहून मोकळं होतं. डिस्कचं नाव चुकलं तर त्या डिस्कची सुरुवात गेली. एंटर दाबण्याआधी लनचा आयडी स्टोरेजच्या नोंदीशी जुळवून बघा, आणि ही कमांड हिस्टरीतून बाण दाबून पुन्हा चालवायची सवय लावून घेऊ नका.

तपासणी: आता दुसऱ्या नोडवर जा आणि ‘डम्प’ उपकमांड चालवा. हेडरचा यूयूआयडी दोन्हीकडे एकच दिसला पाहिजे आणि टाइमआउट तुम्ही दिलेलेच हवेत. यूयूआयडी वेगळा असेल तर दोन नोड दोन वेगळ्या लनकडे बघत आहेत. मग कितीही संदेश लिहा, वाचणारा कुणी नाही.

टप्पा ५: सेटिंग आणि सेवा

सिसकॉन्फिग डिरेक्टरीतल्या एसबीडी फाइलमध्ये प्रत्येक नोडवर हे भरा:

१. ‘एसबीडी डिव्हाइस’: डिस्कचं पूर्ण नाव. एकाहून अधिक असतील तर मध्ये अर्धविराम.
२. ‘एसबीडी वॉचडॉग डेव्ह’: टप्पा १ मध्ये तपासलेलं डिव्हाइस.
३. ‘एसबीडी पेसमेकर’: ‘येस’.
४. ‘एसबीडी स्टार्टमोड’: ‘क्लीन’ किंवा ‘ऑल्वेज’.
५. ‘एसबीडी डिले स्टार्ट’: मशीन झटकन बूट होत असेल तर ‘येस’.

चौथ्या आणि पाचव्याबद्दल थोडं अधिक. ‘क्लीन’ ठेवलं तर रीसेट झालेला नोड आपल्या स्लॉटमध्ये जुना संदेश बघून क्लस्टरमध्ये परत यायला नकार देतो. माणसाने येऊन स्लॉट साफ करावा लागतो. दोन नोडांच्या क्लस्टरला आमची पसंती यालाच, कारण एकमेकांना आळीपाळीने पाडत राहण्याचा खेळ तिथेच थांबतो. रात्री उठून साफसफाई करायला कुणी नसेल तर ‘ऑल्वेज’.

डिले स्टार्टची गरज व्हर्च्युअल मशीनना लागते. ‘ख’ २० सेकंदांत बूट होऊन परत आला आणि ‘क’ अजून मेसेज-वेट मोजतोच आहे, असं झालं तर ‘ख’ला ‘तुला आत्ताच फेन्स केलं’ असा निरोप मिळतो आणि त्याचा पेसमेकर बंद पडतो. डिले स्टार्टमुळे एसबीडी मेसेज-वेटइतका थांबून सुरू होतो. पण सिस्टिमडीची सेवा सुरू होण्याची मुदत डीफॉल्टने ९० सेकंद असते. मेसेज-वेट १२० असेल तर सिस्टिमडी त्याआधीच सेवा मारून टाकतो. म्हणून एसबीडी सेवेसाठी ड्रॉप-इन फाइल करून ‘टाइमआउट सेक’ १४४ करा आणि डीमन-रीलोड द्या.

याच फाइलमध्ये ‘एसबीडी वॉचडॉग टाइमआउट’ असाही व्हेरिएबल दिसेल. डिस्क वापरत असाल तर तो निरुपयोगी आहे, कारण आकडा डिस्कवरच्या हेडरमधूनच घेतला जातो. फाइलमधला आकडा बदलून फरक का पडत नाही म्हणून डोकं खाजवणाऱ्यांसाठी ही नोंद.

आता सेवा ‘एनेबल’ करा, ‘स्टार्ट’ नाही. एसबीडी कोरोसिंकबरोबर (नोडांमधला संवाद सांभाळणारी सेवा) आपोआप सुरू होतो आणि त्याच्याबरोबरच थांबतो. सगळ्या नोडांवर क्लस्टर सुरू करा.

तपासणी: ‘लिस्ट’ उपकमांडने दोन्ही नोडांची नावं आणि पुढे ‘क्लिअर’ दिसलं पाहिजे. इथली नावं कोरोसिंकमधल्या नावांशी अक्षरन्‌अक्षर जुळायला हवीत. एसबीडी आपलं नाव ‘यूनेम’वरून घेतो. तिथे पूर्ण डोमेननाव आणि कोरोसिंकमध्ये आखूड नाव, असं असेल तर संदेश अस्तित्वातच नसलेल्या स्लॉटला जातो.

टप्पा ६: पेसमेकरला ओळख करून देणं

सुसेवर ‘एक्स्टर्नल/एसबीडी’ आणि रेड हॅट घराण्यात ‘फेन्स-एसबीडी’ हा एजंट. रिसोर्स एकच पुरतो. त्याचा क्लोन करू नका, नोडागणिक वेगळाही नको. फेन्स-एसबीडीला ‘डिव्हाइसेस’ पॅरामीटरमध्ये तीच डिस्क द्या. मग स्टोनिथ-एनेबल्ड ‘ट्रू’ आणि स्टोनिथ-टाइमआउट टप्पा ३ मधला.

दोन नोड असतील तर ‘पीसीएमके डिले मॅक्स’ही द्या, ३० सेकंद ठीक. नेटवर्क तुटलं की दोन्ही नोड एकाच क्षणी एकमेकांच्या स्लॉटमध्ये रीसेट लिहितात आणि दोघेही पडतात. यादृच्छिक विलंबामुळे एक जण पुढे राहतो.

टप्पा ७: चाचण्या, याच क्रमाने

प्रत्येक चाचणीत ‘ख’चा कन्सोल किंवा बीएमसीचा पडदा समोर उघडा ठेवा. ‘क’वर आलेला यशाचा संदेश पुरावा म्हणून धरू नका. तो का धरायचा नाही, ते वर आलंच आहे.

१. संदेश पोचतो का: ‘क’वरून ‘ख’च्या नावाने ‘मेसेज’ उपकमांडने ‘टेस्ट’ पाठवा. ‘ख’च्या जर्नलमध्ये ‘टेस्ट’ मिळाल्याची ओळ यायला हवी. काही रीसेट होत नाही.

२. वॉचडॉग लागतो का: ‘ख’वरच्या सगळ्या एसबीडी प्रोसेस सिग्नल ९ ने मारा. वॉचडॉग टाइमआउटच्या आत मशीन पडायला हवं.

३. पेसमेकरकरवी रीसेट: ‘क’वरून ‘पीसीएस स्टोनिथ फेन्स’ किंवा ‘सीआरएम नोड फेन्स’.

४. कर्नल क्रॅश: ‘ख’वर सिसआरक्यू ट्रिगरमध्ये ‘सी’ लिहा.

५. नेटवर्क तोडणं: फायरवॉलमध्ये यूडीपी ५४०५ येता आणि जाता दोन्हीकडे अडवा. नेटवर्क कार्ड ‘डाउन’ करून ही चाचणी घेऊ नका, कोरोसिंकच्या दृष्टीने ती वेगळीच स्थिती असते. एकच नोड पडायला हवा.

६. डिस्क तोडणं: फक्त ‘ख’कडून लन काढून घ्या. पेसमेकर ठीक असेपर्यंत ‘ख’ उभा राहतो, आणि तेच बरोबर आहे. नाहीतर स्टोरेजच्या एका हिसक्याने सगळे नोड एकदम पडतील. आता त्याच स्थितीत नेटवर्कही तोडा. ‘ख’ वॉचडॉगने पडायलाच हवा. नाही पडला तर क्लस्टर प्रत्यक्ष वापरात आणू नका.

टप्पा ८: खरा रीसेट

‘ख’वर लॉगिन होत असेल तर रीसेटची गरजच नाही. त्याला स्टँडबायवर टाका, रिसोर्स हलू द्या, क्लस्टर थांबवा आणि साधा रीबूट करा. एसबीडीचा रीसेट मेमरीतलं काही डिस्कवर न उतरवता होतो.

गरज पडलीच तर:

१. ‘क’वर क्लस्टर स्टेटस बघा. ‘क’ला कोरम (निर्णय घेण्याइतकी मतं) हवा आणि स्टोनिथ रिसोर्स सुरू हवा.
२. ‘लिस्ट’मध्ये ‘ख’चा स्लॉट बघा. तिथे आधीच ‘रीसेट’ असेल तर कुणीतरी तुमच्या आधी पोचलं आहे.
३. पेसमेकरची फेन्स कमांड एकदाच द्या. एसबीडीचा ‘मेसेज’ थेट वापरून ‘रीसेट’ पाठवू नका. पेसमेकरला त्याचा पत्ता नसतो. नोड गायब झालेला दिसला की तो स्वतः पुन्हा फेन्स करतो, आणि नुकताच उठणारा ‘ख’ दुसऱ्यांदा पडू शकतो.
४. मेसेज-वेट संपेपर्यंत थांबा. ६० सेकंद त्या वेळी फार लांब वाटतात. याच काळात घाबरून दुसऱ्या टर्मिनलवरून आणखी कमांड दिल्या जातात.
५. ‘ख’चा कन्सोल बघा, मग ‘स्टोनिथ-अ‍ॅडमिन’ची हिस्टरी बघा.

इशारा: फेन्सिंग अडकलं की ‘स्टोनिथ कन्फर्म’ ही कमांड मोह पाडते. ती कुणालाही रीसेट करत नाही. ‘मी जाऊन बघितलं, तो नोड बंद आहे’ अशी तुमची ग्वाही ती क्लस्टरला देते. बीएमसीवरून वीज बंद करून, पॉवर स्टेटस ‘ऑफ’ दिसल्यावरच ती द्यायची.

‘ख’ उठल्यावर लगेच क्लस्टर सुरू करू नका. आधी जर्नलमधून पडण्याचं कारण काढा. स्टोरेज पाथ सगळे परत आलेत का बघा. मग ‘क्लीन’ मोड असेल तर ‘मेसेज’ उपकमांडने ‘ख’ला ‘क्लिअर’ पाठवा आणि क्लस्टर सुरू करा. ‘क्लिअर’ची जागा ‘क्रिएट’ने भागवायचा आळस नको. ‘क्रिएट’ सगळ्यांचे स्लॉट पुसतं, आणि ‘क’ त्या वेळी चालू असतो.

नंतर बदल करताना

टाइमआउट बदलायचे असतील तर पूर्ण क्लस्टर बंद करून टप्पा ४ पुन्हा, आणि स्टोनिथ-टाइमआउटही त्याच बैठकीत. नोडचं नाव बदललं तर जुन्या नावाचा स्लॉट यादीत तसाच राहतो. तो पुढच्या ‘क्रिएट’पर्यंत जात नाही, त्याचा त्रासही नसतो. कर्नल अपडेट, बीएमसी फर्मवेअर अपडेट किंवा व्हर्च्युअल मशीन दुसऱ्या हायपरव्हायझर आवृत्तीवर हलवणं, यांतलं काहीही झालं की त्या नोडवर ‘क्वेरी-वॉचडॉग’ आणि चाचणी २ पुन्हा घ्या. ड्रायव्हर बदलून सॉफ्टडॉग पुढे सरकला असेल तर ते इथेच उघड होतं.